हेडफोन बोलतो, स्पीकर मुका!

बालदोस्तांनो,

आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. ‘बाईसुद्धा चुकतात?’ असं म्हणून डोळे मोठे करू नका. चुकतात, आणि कधीकधी चांगल्या सपाटून चुकतात! ही चूक झाली एका लॅपटॉपच्या स्पीकरपायी. तुमच्या घरी लॅपटॉप असेल-नसेल, शाळेत किंवा शेजारी तरी एखादा असेलच. तेव्हा चूक माझी असली तरी तिच्यातून निघालेली माहिती तुमच्या उपयोगाची आहे.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि समोर फणसाचं झाड. गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून शाळेला एक लॅपटॉप दिला. एप्रिलमध्ये आम्ही एक गंमत केली. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून एक गोष्ट सांगून घ्यायची आणि मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची. अठरा गोष्टी जमल्या. कोल्ह्याच्या, भुताच्या, फणसचोराच्या. सगळ्या लॅपटॉपवर चढवल्या. १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो ना, त्या दिवशी आई-बाबांना बोलावून या गोष्टी ऐकवायच्या असं ठरलं. मग जून उजाडला, पाऊस लागला. मी लॅपटॉप पत्र्याच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

तो बाहेर काढला थेट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. सकाळी चार्जिंगला लावला. दुपारच्या सुट्टीत खिचडीची भांडी आवरून वर्गात आले, तर चौथीतला एक मुलगा एकटाच लॅपटॉपसमोर बसलेला. त्याचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला बंडू म्हणू या. माझे हेडफोन त्याच्या कानांत. मला बघताच दचकला आणि पिन फटकन ओढून काढली.

सुट्टी संपली. मी मोठ्या ऐटीत पहिली गोष्ट लावली. आवाज नाही! आवाज वाढवला, शंभरावर नेला. पडद्यावर गोष्ट पुढे सरकतेय, सेकंद मोजले जातायत, पण लॅपटॉप आपला मौनव्रतात.

“बंडू, काय केलंस? भोकात काय घातलंस?”

बंडू गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, त्याच्या हातात पेन्सिलपण होती!” झालं! मला पुरावाच मिळाला. मी सगळ्या वर्गासमोर त्याला खूप बोलले. लोकांनी वर्गणी काढून दिलेली वस्तू, दुरुस्तीचे पैसे कोण देणार, वगैरे वगैरे. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला. दारातच उभा राहून हळूच म्हणाला, “बाई, हेडफोनमध्ये येतो की आवाज.”

मुलांनो, या एका वाक्यात निम्मी दुरुस्ती होती. कशी, ते सांगते.

आमच्याकडची एसटी डोळ्यांसमोर आणा. चिपळूणहून निघालेली गाडी संगमेश्वरवरून हातखंब्याच्या तिठ्यावर येते. तिथून एक रस्ता रत्नागिरीला जातो, दुसरा पालीवरून लांज्याकडे. आता समजा, पावसाळ्यातला दिवस आहे. चिपळूणहून सुटलेली रत्नागिरीची गाडी वेळेवर पोचली, लांज्याची मात्र पोचलीच नाही. तर दरड कुठे कोसळली असेल? संगमेश्वरला? छे! तिथे कोसळली असती तर रत्नागिरीकरही अडकले असते. म्हणजे गडबड आहे तिठ्यावर, नाहीतर तिठ्याच्या पलीकडे, लांज्याच्या वाटेवर. अलीकडचा सगळा रस्ता शोधायची गरजच उरली नाही!

लॅपटॉपातला आवाजही असाच प्रवास करतो. गोष्ट तिथे आवाज म्हणून ठेवलेली नसते, आकड्यांच्या रूपात असते. सीडीच्या दर्जाचा आवाज असेल तर एका सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या आणि उजव्या कानाचे वेगवेगळे! हे आकडे कोडेक नावाच्या एका चिपकडे जातात. ती त्यांचा कमी-जास्त होणारा विजेचा प्रवाह बनवते. इथे आला आपला तिठा. एक वाट हेडफोनच्या भोकाकडे जाते. दुसरी अॅम्प्लिफायरमधून, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या भागातून, स्पीकरकडे जाते.

बंडूच्या कानांत आवाज येत होता. म्हणजे गोष्टीची फाइल शाबूत, ती वाजवणारा प्रोग्रॅम शाबूत, आकड्यांचा प्रवाह करणं शाबूत. आणि मी मात्र आदल्या दिवशी काय करत बसले होते? फाइल पुन्हा चढवत होते! रत्नागिरीची गाडी पोचलेली असताना संगमेश्वरला दरड शोधत होते. हात्तिच्या!

दुसरी गोष्ट. पेन्सिलीचं टोक किंवा मोडलेली पिन भोकात अडकली असती, तर हेडफोनची पिन पुरती आत गेलीच नसती. मी घालून बघितली. टक् करून शेवटपर्यंत गेली आणि दोन्ही कानांत आवाज स्वच्छ आला. म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. हे दोन मिनिटांचं काम मी बंडूवर ओरडण्याआधी करू शकले असते.

आता ती पिन जरा नीट बघा. घरात असेल तर आत्ता आणा. टोकाशी धातू, मग काळी रेघ, पुन्हा धातू, पुन्हा रेघ. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं. माइकवाल्या हेडफोनवर एक रेघ जास्त असते, कारण माइकलाही एक धातूचं कडं लागतं. ही आपली पिन ३.५ मिलिमीटर जाडीची. तिची थोरली बहीण ६.३५ मिलिमीटरची. ती जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. अमेरिकेत न्यू हेवन गावात १८७८ साली आणि आपल्या मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं. अशा एक्स्चेंजमध्ये मोठ्या फळीवर भोकंच भोकं असत आणि ऑपरेटर या भोकातून त्या भोकात पिना घालून माणसांना बोलतं करत. ती जाडी पिन आजही ऑर्केस्ट्रातल्या गिटारला दिसते. धाकटी मात्र १९७९ साली आलेल्या वॉकमनबरोबर घरोघरी फिरली.

पण खरी गंमत भोकाच्या आत आहे. पिन घातली की स्पीकर आपोआप बंद होतो, हे कुणी सांगितलं त्याला? आत एक इवलीशी स्प्रिंगची पट्टी असते. तिला पिनेचा धक्का लागतो. आजोबांच्या टेपरेकॉर्डरमध्ये स्पीकरचा प्रवाहच या पट्टीतून जायचा. पिन आली की पट्टी उचलली, वाट तुटली, स्पीकर बंद. लॅपटॉपमध्ये पट्टी फक्त निरोप्याचं काम करते. “पाहुणे आले हो!” एवढंच ती चिपला कळवते. स्पीकर बंद करायचा हुकूम मग चिप आणि तिचा प्रोग्रॅम मिळून देतात. तेव्हा निरोप्यानं चुकीचा निरोप दिला, किंवा निरोप बरोबर असून हुकूम देणारा गोंधळला, तरी स्पीकर मुका! पहिला दोष यंत्राचा, दुसरा प्रोग्रॅमचा. आणि हे ओळखायला लॅपटॉप उघडावा लागत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बंडू आणि मी बसलो. आधी हेडफोन काढून ठेवले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचं जे चित्र असतं त्यावर टिचकी मारली. आवाज कुठे पाठवला जातोय त्याचं नाव तिथे दिसतं. कधीकधी तिथे भलतंच नाव असतं. लॅपटॉप जाड एचडीएमआय वायरनं टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडला असेल तर आवाज तिकडे जातो. आमच्या मोठ्या गुरुजींच्या घरी एकदा लॅपटॉप मुका झाला आणि माजघरात कॉटखाली ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर आपलाआपण बोलायला लागला. गुरुजींच्या आई घाबरून देवाचं नाव घ्यायला लागल्या! असं काही असेल तर त्या यादीतून ‘स्पीकर’ निवडायचा, बस्स. आणखी एक लबाडी लक्षात ठेवा. बऱ्याच लॅपटॉपवर हेडफोनचा आवाज आणि स्पीकरचा आवाज यांची मापं वेगवेगळी लक्षात ठेवलेली असतात. हेडफोन लावून आवाज वाढवलात तरी स्पीकरचं माप शून्यावरच राहिलेलं असू शकतं. म्हणून हेडफोन काढून मगच बघायचं.

आमच्या पडद्यावर काय दिसलं असेल? पिन बाहेर, टेबलावर. आणि पडदा म्हणतोय, ‘हेडफोन’! म्हणजे आमच्या लॅपटॉपला पाहुणे गेलेत हे कळलेलंच नव्हतं. तो बिचारा अजून पाट-पाणी मांडून बसला होता.

मग रीस्टार्ट केला. इथे एक बारीक गोष्ट आहे. विंडोजचा लॅपटॉप नुसता बंद करून चालू केला तर तो पुष्कळदा आधीची अर्धी आठवण जपून ठेवतो. रीस्टार्ट केलं की प्रोग्रॅम नव्यानं सुरू होतात. म्हणून अशा वेळी रीस्टार्टच करायचं. आमचा काही उपयोग झाला नाही. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पिन हलकेच दहा-बारा वेळा आत-बाहेर केली. पट्टीवर धूळ किंवा पापुद्रा असेल तर तो पिनेच्या घासण्यानं निघतो. पुन्हा चालू केला, गोष्ट लावली आणि...

“खर्रर्र... कोल्हा म्हणा...” आणि पुन्हा शांत!

बंडू ओरडला, “आला, आला! गेला.”

निराश होऊ नका, हीच तर मोठी खूण होती. जो आवाज येतो-जातो, पिन हलवली की बदलतो, तिथे बहुतेक धातूला धातू नीट टेकत नसतो. शिवाय एका क्षणापुरते का होईना, दोन्ही बाजूंचे स्पीकर बोलले. म्हणजे तेही ठणठणीत! तसं पाहिलं तर डावा आणि उजवा असे दोन्ही स्पीकर एकाच दुपारी एकदम फुटणं कठीणच. दोघं जेव्हा एकदम मुके होतात तेव्हा दोघांना सामाईक असलेलं काय आहे ते शोधावं.

(आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. इथून पुढचं काम मुलांचं नाही. भोकात टाचणी, सुई, हेअरपिन घालू देऊ नका. पट्टी एकदा वाकली की संपलं. पाणी, सॅनिटायझर, खोबरेल तेल यांतलं काहीही तिथे नको. आणि लॅपटॉप उघडायचा तर माहीतगारानंच, कारण आतल्या बॅटरीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते.)

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्या दादांकडे गेले. त्यांनी आधी काय केलं सांगू? लॅपटॉप उघडलाच नाही. पेनड्राइव्हवर दुसरी एक कार्यप्रणाली होती, लिनक्स नावाची. तिच्यावर लॅपटॉप चालू करून बघितला. तरी स्पीकर मुका. “म्हणजे विंडोजचा दोष नाही, मॅडम. विंडोज तर आत्ता चालूच नाहीये.” मला ही युक्ती फार आवडली. संशयिताला घराबाहेर काढायचं आणि चोरी तरीही होते का ते बघायचं!

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि भिंगातून मला ते भोक दाखवलं. आमच्या लॅपटॉपमध्ये पिन नसताना दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि पिन आली की त्या अलग होतात, अशी रचना होती. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये हिरवट पापुद्रा धरला होता. आजीच्या बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमटी राहिली तर ती कळकते ना? तशातलाच प्रकार. तांब्याच्या मिश्रधातूला ओल आणि हवा लागून धरणारा कळंक. त्यातून वीज जाईना. पट्ट्या टेकलेल्या असूनही लॅपटॉपला त्या अलग वाटायच्या, म्हणजे पिन आत आहे असं वाटायचं. हेडफोनची वाट दुसऱ्या पट्ट्यांवरून जाते. तिथे प्रत्येक वेळी पिन घासून जात असल्यानं ती स्वच्छ होती.

“हे किती दिवसांत झालं असेल?” मी विचारलं.

“एका दिवसात नाही होत, मॅडम. कुठे ठेवला होतात पावसात?”

आता तुम्हीच ओळखा. कपाट कुणाचं? किल्ली कुणाकडे? कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात, ओल धरलेल्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या कपाटात लॅपटॉप कोंडून ठेवला कुणी? बंडूनं नक्कीच नाही. मी!

भोक बदलायला हवं होतं आणि तो भाग यायला आठवडा लागणार होता. १५ ऑक्टोबर तर चार दिवसांवर. पण बंडूचं वाक्य मी विसरले नव्हते. हेडफोनमध्ये येतो की आवाज! मग तीच वाट वापरायची. दादांनी लॅपटॉप तात्पुरता जोडून दिला आणि एक वायर दिली. तिच्या एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला बसणाऱ्या पिना. (असं काही जोडताना दोन्हीकडचा आवाज आधी पुरता उतरवा, मग हळूहळू चढवा. नाहीतर कर्णा असा किंचाळतो की म्हशी दावं तोडतात.)

सोमवारी परिपाठाच्या वेळी मी मुलांना सांगितलं की लॅपटॉप बंडूनं नाही, मी बिघडवला. कपाटाची, ओलीची, हिरव्या पापुद्र्याची सगळी हकीकत सांगितली आणि बंडूची माफी मागितली. ओरडले होते सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोरच करायला हवं होतं. पेन्सिलवाला मुलगाही उठला आणि म्हणाला, “पेन्सिल होती बाई, पण त्याच्या कानावर होती!” सगळे हसले. बंडूसुद्धा थोडासा.

मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, “त्या दिवशी तू सांगितलं का नाहीस, काय ऐकत होतास ते?” तो काही बोलला नाही. सांगायची गरजही नव्हती. बंडूची आजी आषाढात गेली. मला ते ठाऊक होतं, मी त्यांच्या घरी भेटूनही आले होते. अठरा गोष्टींतली एक तिची होती. चार महिने ती माझ्या कपाटात कुलूपबंद होती. त्या दुपारी ती ऐकायला तो बसला होता आणि मला फक्त लॅपटॉप दिसला.

१५ ऑक्टोबरला फणसाखाली माणसं जमली. मुंबईहूनही दोघं-तिघं आली होती. बंडूच्या आजीची गोष्ट लावली तेव्हा आधी कोंबड्यांचा कलकलाट आला, मग खोकला, मग “अगो बाई, चालू झालं काय ते?” असा आजींचा प्रश्न. सगळी वाडी हसली. मग गोष्ट सुरू झाली आणि कुणी हललं नाही. बंडू कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन बसला होता. इतक्या जवळ नको म्हणून सांगायला मी उठले होते, पण नाही सांगितलं. आवाज थोडा कमी केला.

आता लॅपटॉपमध्ये नवं भोक बसलंय आणि स्पीकर खणखणीत बोलतो. अठराही गोष्टींच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर आणि माझ्या मोबाइलवर काढून ठेवल्या आहेत. एकाच यंत्रात ठेवायच्या गोष्टी नव्हेत त्या. लॅपटॉप आता घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. (नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच. टाकून देऊ नका, पण लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.) आणि पाऊस असो-नसो, दर शनिवारी तासभर चालू करायचा. तो चालताना गरम होतो, त्या ऊबेनं आतली ओल उडते.

तुम्हांला एक प्रयोग देते. जुन्या, बिघडलेल्या रेडिओचा स्पीकर कुणाकडून मिळतो का बघा. त्याच्या दोन टोकांना दोन वायरी लावा आणि दीड व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवा. क्षणभरच! ‘टक्’ आवाज येईल आणि कागदी पडदा किंचित पुढे किंवा मागे सरकेल. वायरी उलट्या लावून पाहा, पडदा उलट सरकेल. ‘टक्’ आलं तर स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी शाबूत आहे. नाही आलं तर ती तुटलेली असणार. किती जणांचा स्पीकर ‘टक्’ म्हणाला ते मला कळवा. पत्रात इयत्ता लिहायला विसरू नका, दरवेळी निम्मे जण विसरतात!

दर शनिवारी लॅपटॉप चालू करायचं काम बंडूनं मागून घेतलंय. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.

तुमची,
बाई